मिसेस हार्कनेस यांचा शुक्रवार

राखी ढोकेला इंग्रजी येत नव्हतं तेव्हा इंग्रजीची भीतीही वाटत नव्हती. भीती सुरू झाली ती नोकरी लागल्यावर.

हिंदी मुलखातल्या रांझीला तिचं घर. वडील दयाराम सरकारी फॅक्टरीतून चार वर्षांपूर्वी निवृत्त झालेले, आई पुष्पा घर सांभाळणारी. आजोबा भंडारा जिल्ह्यातून त्याच फॅक्टरीच्या भरतीसाठी इकडे आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, शाळा हिंदी माध्यमाची. इंग्रजी तिने मोबाइलवर बातम्या ऐकून, आरशासमोर उभं राहून, चुकत चुकत कमावलं. चोविसाव्या वर्षी शहरात ओमतीजवळच्या एका कंपनीत तिला काम मिळालं. इंग्लंडमधल्या घरांना गॅस आणि वीज पुरवणाऱ्या एका कंपनीचे ग्राहक तिकडे फोन फिरवायचे आणि तो इकडे तिसऱ्या मजल्यावर राखीच्या कानात वाजायचा. मीटर बंद पडलं, पत्ता बदलला, नाव बदलायचंय. वेळ दुपारी एक ते रात्री नऊ.

व्याकरण तिला अडलं नाही, उच्चारही लवकर जमले. अडायचं ते वेगळ्याच ठिकाणी. वाक्यातला शब्दन् शब्द ओळखीचा असायचा आणि वाक्य मात्र अनोळखी. एक बाई म्हणाली, आय अ‍ॅम अंडर द वेदर. राखीने विचारलं, मॅम, तिकडे पाऊस पडतोय का? बाईला ताप आला होता.

हेही चाललं असतं. पण प्रत्येकाच्या स्क्रीनच्या कोपऱ्यात एक लाल चौकोन होता. ग्राहक मरणाबद्दल बोलला, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याबद्दल बोलला, तर तो दाबायचा. दाबला की फोन थेट इंग्लंडमधल्या खास माणसांकडे जायचा. दाबायला हवा तेव्हा दाबला नाही तर घरी बसायचं, असं पहिल्याच दिवशी सांगितलेलं होतं. पावसाळ्यात रीव्याच्या एका मुलीची नोकरी अशीच गेली. तिची पाण्याची बाटली आठवडाभर टेबलावर तशीच होती, कोणी उचलली नाही.

त्यामुळे राखी पहिले काही आठवडे बोट त्या चौकोनाजवळच ठेवून बसायची. एक माणूस म्हणाला, नव्या बॉयलरपायी माझा एक हात आणि एक पाय गेला. राखीने लाल दाबला. मग कळलं की तो बॉयलर फार महाग पडला एवढंच त्याला म्हणायचं होतं. दोन दिवसांनी एक आजी म्हणाली, आय कुड मर्डर अ कप ऑफ टी. राखीने फक्त मर्डर ऐकलं आणि पुन्हा दाबला. आजीला चहाची तलफ आली होती. इंग्लंडहून मेल आली, जरा भाषा शिकवा म्हणून. आख्खा फ्लोअर हसला. त्या दिवसापासून तिचं नाव पडलं मर्डर दीदी. जिन्यात, चहाच्या मशीनपाशी, कुठेही.

राखीही हसायची त्यांच्याबरोबर. पण बोट त्या चौकोनापासून दूर गेलं ते गेलंच.

त्या मेलनंतर कंपनीने सुखदा मॅडमना बोलावलं. वय साठीच्या आसपास, कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या, नवऱ्याच्या नोकरीमुळे आठ-नऊ वर्षं इंग्लंडमध्ये राहून आलेल्या. मंगळवारी आणि गुरुवारी बाराला त्यांचा तास असायचा, शिफ्टच्या आधी. त्या हिंदीतून शिकवायच्या, पण राखी मराठी आहे हे कळल्यावर तिला अधूनमधून मराठी प्रतिशब्द सांगायच्या. राखीने वही केली. डाव्या बाजूला इंग्रजी, उजव्या बाजूला मराठी. पीस ऑफ केक म्हणजे डाव्या हातचा मळ. वन्स इन अ ब्लू मून म्हणजे सठीसहामाशी. पुलिंग माय लेग म्हणजे माझी फिरकी घेणं. घरी दयाराम ती वही घेऊन तिची परीक्षा घ्यायचे. इंग्रजी शब्द ते असे वाचायचे की तिला आधी शब्द ओळखावा लागायचा आणि मग अर्थ.

सप्टेंबरातल्या एका मंगळवारी, चारच्या सुमारास, मिसेस हार्कनेस यांचा फोन आला.

आवाज म्हाताऱ्या बाईचा, पण स्वच्छ, शाळेतल्या बाईंसारखा. त्यांना गॅस आणि वीज दोन्ही बंद करायचं होतं. शुक्रवारपासून.

राखीने ठरलेला प्रश्न विचारला, तुम्ही घर बदलताय का?

"तसं म्हणायला हरकत नाही," बाई म्हणाल्या.

नवा पत्ता? बाई म्हणाल्या, मी जाणार तिथे त्याची गरज नाही, डिअर. राखीला वाटलं, मुलाकडे राहायला जात असतील, किंवा वृद्धाश्रमात. तिने फॉर्ममध्ये 'घर बदल' निवडलं. बाई पुढे म्हणाल्या, आय अ‍ॅम पुटिंग माय अफेअर्स इन ऑर्डर. राखीला अफेअरचा एकच अर्थ माहीत होता, हिंदी मालिकांमधला. एवढी म्हातारी बाई आणि अफेअर्स, तेही अनेक. तिने ओठ दाबून हसू आवरलं. मग बाई म्हणाल्या, आय हॅव हॅड अ गुड इनिंग्ज. एटी-थ्री.

हे मात्र राखीला समजलं. दयाराम क्रिकेटवेडे, इनिंग हा शब्द घरातलाच. त्यांच्या निरोप समारंभात साहेबांनी भाषणात म्हटलं होतं, दयारामजींची दुसरी इनिंग आता सुरू होतेय, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. राखी उत्साहाने म्हणाली, "वॉव, दॅट्स अ ग्रेट स्कोअर, मॅम."

पलीकडे बाई हसल्या. खूप वेळ हसल्या. राखी तोवर तारीख टाइप करत होती. शेवटी तिने ठरलेलं वाक्य म्हटलं, हॅव अ लव्हली डे, आणि पुढचा फोन घेतला.

गुरुवारी सुखदा मॅडमनी फळ्यावर लिहिलं: म्हातारपण आणि मरण. इंग्रज माणूस मरणाचं नाव घेत नाही, त्या म्हणाल्या. तो बादलीला लाथ मारतो, डेझीच्या फुलांना जमिनीखालून वर ढकलतो. पोरं हसत होती. मग त्यांनी तिसरी ओळ लिहिली. गुड इनिंग्ज.

"ये क्रिकेट से आया है," त्या म्हणाल्या. "कोई बूढ़ा आदमी बोले, तो मतलब, बहुत जी लिया, अब जाने का टाइम है."

राखीचं पेन वहीवर टेकलेलंच राहिलं. शाईचा ठिपका मोठा होत गेला.

चौथी ओळ होती अफेअर्स इन ऑर्डर. मॅडमनी तिच्याकडे बघून मराठीत सांगितलं, "राखी, आपल्याकडे याला नेमका शब्द आहे. निरवानिरव. जाण्याआधी माणूस करतो ती."

तास संपल्यावर राखी त्यांच्या टेबलापाशी गेली. "मॅडम, हे लोक घर बदलताना पण असंच बोलतात का? अफेअर्स वगैरे?"

"बोलतात कधीकधी."

"आणि दोन्ही एकत्र कोणी बोललं तर? गुड इनिंग्ज पण आणि हे पण?"

सुखदा मॅडमनी पर्स उचलता उचलता थांबून तिच्याकडे पाहिलं. "कोण बोललं?"

"कोणी नाही," राखी म्हणाली. "एका पिक्चरमध्ये होतं."

एक वाजता तिने हेडफोन चढवले. फ्लोअरवर मोबाइल न्यायला बंदी होती, कागद-पेन न्यायलाही. ग्राहकाला आपणहून फोन लावायची सोय नव्हती. तिच्याकडे फक्त एक नाव होतं, आणि एक वार. शुक्रवार. उद्या.

फोन येत राहिले. एकाचा पत्ता तिने दुसऱ्याच्या खात्यावर टाकला, मग पुसला.  दर फोनला तिला वाटायचं, आता तोच आवाज येईल. आणि दर फोनला तो यायचा नाही. ती स्वतःशी म्हणत होती की बाई वृद्धाश्रमात चालली असेल. ती मोठ्याने हसली होती. मरायला निघालेलं माणूस असं हसतं का? मग वाटायचं, मला काय माहीत कसं हसतं.

दुसरी भीतीही होती आणि तिची तिला लाज वाटत होती. शंभरातले चार-पाच फोनच तपासले जातात. तो फोन कोणी ऐकेलच असं नाही. सांगितलं तर नोकरी नक्की गेली. आणि सांगूनही काही नसलंच, तर पुन्हा मेल, पुन्हा हसणं, मर्डर दीदी. गप्प बसलं तर कदाचित काहीच होणार नाही. कदाचित.

साडेचारला चहाची सुट्टी झाली. तिने लॉकरमधून मोबाइल काढला आणि जिन्यात उभं राहून वडिलांना फोन लावला. सगळं सांगितलं. 

"काहून घाबरून राहिली तू?" दयाराम म्हणाले.  मागे कुकरची शिटी ऐकू आली.

"बाबा?"

"कोणाले माहीत आहे हे?"

"कोणालाच नाही."

"मग नको सांगू. ऐकून राहिली ना? ती बाई कुठची, आपण कुठचे. आपल्या हाती काय आहे? तू आपली नोकरी सांभाळ, बेटा."

राखीने फोन ठेवला. वडिलांनी आयुष्यात पहिल्यांदा तिला गप्प राहायला सांगितलं होतं. ते स्वतः युनियनमध्ये वर्षानुवर्षं उभं राहून बोलणारे. त्यांच्या आवाजात जे ऐकू आलं ते तिने आधी कधी ऐकलं नव्हतं. तेही घाबरले होते, तिच्यासाठी. त्याने तिला धीर आला नाही. उलट ती तिथेच पायरीवर बसली.

भिंतीवरच्या घड्याळात चार पस्तीस झाले होते. इंग्लंडचं घड्याळ साडेचार तास मागे. म्हणजे तिकडे गुरुवारची दुपार नुकतीच सुरू झाली होती. शुक्रवार व्हायला अजून बारा तास होते. पण बाईंनी शुक्रवारपासून वीज नको म्हटलं होतं. शुक्रवारपासून नको म्हणजे जे व्हायचं ते गुरुवारीच, आज.

ती उठली आणि मोबाइल लॉकरमध्ये टाकून आल्हादच्या काचेच्या केबिनमध्ये गेली.

आल्हाद तिचा टीम लीडर, तिच्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा, बडा फुहारा चौकाजवळ राहणारा. फ्लोअरवर सगळे हिंदीतच बोलायचे, मराठी असून हे दोघंही.

"सर, मंगलवार को एक कॉल था," तिने सुरुवात केली आणि पुढचं हिंदी तिला सुचेना. "मी दाबलं नाही, सर. दाबायला पाहिजे होतं. मला समजलंच नाही ती काय बोलून राहिली."

"बस आधी," तोही मराठीत आला. "सावकाश सांग. कोणता कॉल?"

नाव आणि वेळ सांगितल्यावर त्याने तो फोन शोधून काढला. एक हेडफोन त्याने घेतला, एक तिला दिला. राखीला नको होता. तिने लावला.

स्वतःचा आवाज ऐकणं हीच शिक्षा होती. किती गोड, किती घाईचा. फॉर्म भरणाऱ्या बोटांची टकटक. मग बाईंचं वाक्य, मग तिचं ग्रेट स्कोअर, मग ते हसणं. त्या दिवशी तिने ऐकलं ते इथवरच होतं. पण रेकॉर्डिंग पुढे चालू होतं. हसणं थांबल्यावर शांतता होती, स्क्रीनवरच्या आकड्यांप्रमाणे अकरा सेकंद. टकटक चालूच. आणि त्या टकटकीखाली बाई हळू आवाजात काही बोलल्या होत्या.

आल्हादने मागे नेऊन आवाज वाढवला. तिसऱ्या वेळी स्पष्ट ऐकू आलं. बाई म्हणत होत्या, तू गोड मुलगी आहेस. मी हे दुसऱ्या कोणाला बोलले नाही.

आणि लगेच राखीचा आवाज, हॅव अ लव्हली डे.

राखीने हेडफोन काढून टेबलावर ठेवला.  आल्हादचा चेहरा उतरला होता. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"माझ्या टीमचा कॉल आहे," तो म्हणाला. ते तिला उद्देशून नव्हतं. त्याचीही नोकरी त्यात होती.

क्षणभर राखीला वाटलं, आता हाही म्हणेल, जाऊ दे.  त्याने इंग्लंडचा नंबर फिरवला आणि उभं राहूनच बोलला. नाव, पत्ता, वेळ, दोन्ही वाक्यं. पलीकडून विचारलं गेलं, दोन दिवस का लागले? आल्हादने राखीकडे पाहिलं. "कॉल घेणाऱ्या मुलीला आज अर्थ कळला," तो इंग्रजीत म्हणाला. "कळल्यावर ती स्वतःहून आली."

पोलिसांना घरी पाठवतो, असं पलीकडचा माणूस म्हणाला, आणि फोन ठेवला.

नियमाप्रमाणे राखीला लगेच कामावरून थांबवावं लागलं. तिने गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. "सोमवारपर्यंत घरीच राहा," आल्हाद म्हणाला. "काही कळलं तर सांगतो. कळेलच असं नाही. ते लोक सांगत नाहीत."

साडेपाचला ती खाली आली. लॉकरमधून काढलेल्या मोबाइलवर वडिलांचे नऊ मिस्ड कॉल होते. घरी पोचली तेव्हा दयाराम फाटकाशीच उभे होते.

"मी चुकीचं सांगितलं तुले," ते म्हणाले. "फोन ठेवला आन् तेव्हाच समजलं. किती वेळा लावला मी."

"मी सांगून दिलं, बाबा."

त्यांनी मान हलवली. पुष्पाबाईंनी ताट वाढलं. राखीने दोन घास खाल्ले.

शुक्रवार उजाडला. राखी सकाळपासून मोबाइल मांडीवर घेऊन बसली. कोणाचाही फोन आला की ती पहिल्याच रिंगला उचलायची. दुधवाल्याचा आला. मावशीचा आला. बँकेचा, कर्ज हवं का म्हणून. तिच्या डोळ्यांपुढे एक घर येत होतं, कधी न पाहिलेलं. वीज बंद, गॅस बंद, आत एक बाई. दार वाजवणारे पोलीस वेळेवर पोचले की नाही इथे येऊन ते चित्र थांबायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं. आपण उत्साहाने दाद दिली, हे तिला सोडत नव्हतं. त्या बाईने एकाच माणसाला सांगितलं, आणि त्या माणसाने शाबासकी दिली.

शनिवारी संध्याकाळी दयारामांनी तिला स्कूटरवर बसवून नदीवर तिलवाऱ्याला नेलं, थोडी हवा लागेल म्हणून. घाटावर गर्दी नव्हती. एक म्हातारी अगदी खालच्या पायरीवर, पाण्यात पाय सोडून एकटीच बसली होती आणि पुढे वाकत होती. राखी धावत सुटली. पायऱ्यांवर शेवाळ होतं, ती घसरली, गुडघा फुटला, तरी उठून तिने म्हातारीचा दंड धरला.

"अम्मा, आप ठीक तो हो ना?"

म्हातारीने दचकून वर पाहिलं. तिच्या हातात स्टीलचा तांब्या होता. ती पाणी भरत होती. "काए बिटिया," ती म्हणाली, "तुम्हें का हो गओ? तुम तो काँप रही हो."

दयाराम मागून आले आणि राखीला घेऊन गेले. स्कूटरवर तिने पहिल्यांदाच रडून घेतलं, त्यांच्या पाठीवर डोकं टेकवून.

सोमवारी सकाळी आल्हादचा फोन आला. "कस्टमर सेफ आहे," तो म्हणाला. "एवढंच लिहिलंय. याच्यापुढे ते सांगणार नाहीत. तू बारा वाजता ये."

चौकशी झाली. वरिष्ठांनी तो फोन पुन्हा ऐकवला, पुन्हा प्रश्न विचारले. राखीने जे झालं ते सांगितलं, सुखदा मॅडमशी खोटं बोलल्याचंही. स्वतःहून आल्यामुळे नोकरी राहिली. लेखी ताकीद मिळाली आणि महिनाभर फोन घ्यायचे नाहीत, फक्त प्रशिक्षण. राखीने सही केली. हळूहळू तिने मनाची समजूत घातली की बाई सुखरूप आहेत म्हणजे तसं काही नव्हतंच. वृद्धाश्रमच असणार. आपण उगाच पोलीस पाठवले, म्हातारीला घाबरवलं. असा विचार केला की झोप लागायची. मर्डर दीदी हे नाव आता कोणी तोंडावर घेत नव्हतं. मागे घेत असतील.

तीन आठवड्यांनी आल्हादने तिला केबिनमध्ये बोलावलं. मिसेस हार्कनेस यांनी कंपनीला पत्र लिहिलं होतं, आणि तिकडच्यांनी नियम जरा वाकवून ते इकडे पाठवलं होतं.

राखीने उभ्यानेच वाचलं. बाईंनी लिहिलं होतं की दारात पोलीस बघून त्यांचा संताप झाला. तुम्हाला कोणी बोलावलं म्हणून त्या ओरडल्या. तो पोलीस तरुण होता, त्याने ऐकून घेतलं, स्वयंपाकघरात जाऊन स्वतः चहाचं पाणी ठेवलं आणि विचारलं, फोन करावा असं कोणी आहे का? एक भाची होती. सहा वर्षं बोलणं नव्हतं. ती त्याच संध्याकाळी गाडी चालवत आली. आता बाई तिच्याकडे राहतात. खाली शेवटची ओळ होती: त्या मुलीला सांगा, शी वॉज नॉट बार्किंग अप द राँग ट्री.

राखीचे कान तापले. बार्किंग म्हणजे भुंकणं. तिने वर पाहिलं. "सर, मला कुत्रं म्हणून राहिली का ती?"

"मलाही नाही कळलं," आल्हाद म्हणाला. "चल, मॅडम आल्यात."

सुखदा मॅडम वर्गात फळा पुसत होत्या. त्यांनी पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना त्या खुर्चीवर बसल्या.

"शिकारी कुत्रा चुकीच्या झाडाखाली भुंकत राहतो आणि सावज दुसऱ्याच झाडावर असतं," त्या म्हणाल्या. "म्हणजे अंदाज चुकणं. ती लिहितेय, तुझा अंदाज चुकला नव्हता."

राखीने पत्र परत घेतलं आणि ती ओळ पुन्हा वाचली. 

"म्हणजे खरंच होतं?"

"हो," मॅडम म्हणाल्या. "खरंच होतं, बेटा."

सगळे तिला शाबास म्हणत होते, आल्हादने तर पत्र फ्लोअरवर वाचून दाखवायचं ठरवलं. राखीने हात जोडून नको म्हटलं. तीन आठवडे जिच्या आधारावर ती झोपत होती ती समजूत त्या एका ओळीने काढून घेतली होती. आनंद झाला का, असं पुढे कोणी विचारलं की ती म्हणायची, झाला, पण नंतर. आधी परत तीच भीती आली, गुरुवारची. जिन्यातून उठून ती केबिनकडे न जाता आपल्या जागेवर गेली असती, इतकं ते जवळून गेलं होतं. दयारामांना तिने पत्र मराठीत वाचून दाखवलं. ते उठून अंगणात गेले आणि बराच वेळ तिथेच उभे राहिले.

राखी अजून त्याच कंपनीत आहे. वही आता तिसरी चालू आहे. भीती गेलेली नाही, आणि ती जावी असंही तिला वाटत नाही. फरक एवढाच की समजलं नाही तर ती आता समजल्यासारखं करत नाही. परवा लीड्सच्या एका आजोबांनी सांगितलं, आय अ‍ॅम ऑल अ‍ॅट सी. राखीने हात कीबोर्डवरून काढले आणि म्हणाली, सर, माफ करा, हे माझ्या कानाला नवीन आहे. साध्या शब्दांत सांगाल का?

आजोबांनी सांगितलं, पार गोंधळून गेलोय. नव्या मीटरची बटणं त्यांना कळत नव्हती, ती सगळी बायको बघायची. बायको मार्चमध्ये गेली. राखीने एकेक बटण समजावलं, मग त्यांचं जेवण झालं का ते विचारलं, घरी आणखी कोण आहे ते विचारलं. शेजारीण येते, आजोबा म्हणाले, बुधवारी आणि रविवारी. राखीने ऐकून घेतलं, मध्ये शांतता आली तेव्हाही ती काही टाइप करत नव्हती. फोन एकोणीस मिनिटं चालला, ठरलेल्या वेळेपेक्षा कितीतरी जास्त. आल्हाद काचेमागून बघत होता. त्याने घड्याळाकडे पाहिलं आणि पुन्हा आपल्या कामाला लागला.